मोगरा पातेल्यात नको

ताई, नमस्कार.
आम्ही नौपाड्यात राहतो, तिसरा मजला, गॅलरी पूर्वेला. मोगऱ्याच्या चार कुंड्या आहेत. डिसेंबरात इमारतीला रंग लावताना रंगाऱ्यांनी झाडं निम्मी छाटून टाकली, मी अक्षरशः रडले. पण या वर्षी त्यांना काय झालंय कळत नाही, रोज ताटभर फुलं! मुलगा ऑफिसच्या कामानं शांघायला गेला होता, त्यानं येताना जास्मिन टीचा डबा आणला. मी नेहमीसारखा आलं ठेचून, दूध-साखर घालून उकळला. हे म्हणाले, "चहात साबण पडला का गं?" सून म्हणते, मला तो बिनदुधाचाच करून द्या. ती अडीच महिन्यांची बाळंतीण आहे. मी सांगितलं, मोगरा बाळंतिणीला चालत नाही, दूध आटतं. आमच्या आईनं मला साधा गजरा माळू दिला नव्हता. ती म्हणाली, आई, ही सगळी जुनी खुळं. त्यावरून दोन दिवस घरात धुसफूस चालू आहे. शेजारच्या वहिनी म्हणतात, एवढी फुलं आहेत तर वाळवा आणि घरीच चहा करा, विकतचा हवा कशाला? जमेल का ते? आणि उरलेल्या फुलांचं काय करू? देवाला वाहून, जिन्यातल्या सगळ्यांना वाटूनही उरतात.
ता. क. डबा अजून पाऊण भरलेला आहे. मोठ्या नातवाचा हात पोचू नये म्हणून वरच्या फळीवर, हिंगाच्या डबीशेजारी ठेवलाय.
– चहाबाज सासू, नौपाडा, ठाणे

चहाबाज ताई,

आधी सुनेचं बघू. फुलं उद्याही उमलणार आहेत, अडीच महिन्यांच्या बाळाच्या दुधाचा प्रश्न मात्र ताटकळत ठेवता येत नाही.

तुमच्या आईंनी सांगितलं ते हवेतलं नव्हतं. बाळाचं अंगावरचं दूध तोडायचं असलं, किंवा काही दुर्दैवी कारणानं आईचं दूध थांबवावं लागलं, तर मोगऱ्याची ताजी फुलं छातीवर बांधायची, हा उपाय जुन्या बायकांना पक्का ठाऊक होता. दक्षिणेत तर विशेष. १९८८ साली ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या प्रसूतिशास्त्राच्या एका नियतकालिकात यावरचा अभ्यास छापून आला. दूध थांबवायला तेव्हा ब्रोमोक्रिप्टीन नावाची गोळी देत असत. काही बायकांना ती गोळी दिली, काहींच्या छातीवर मोगऱ्याची फुलं लावली. दूध तयार करायला लावणारं जे संप्रेरक रक्तात असतं, प्रोलॅक्टिन, ते दोन्हीकडे उतरलं. गोळीनं जास्त, फुलांनी कमी. पण छाती दाटणं, दूध येत राहणं, वेदनेच्या गोळ्या किती लागल्या, या हिशेबात मोगरा गोळीच्या बरोबरीनं उभा राहिला. तेव्हा खूळ वगैरे शब्द सुनेनं मागे घ्यायला हरकत नाही.

पण चहाच्या बाबतीत ती बरोबर आहे. त्या अभ्यासात फुलं अंगाला लागून होती, ताजी. चांगल्या जास्मिन टीच्या डब्यात फूल जवळजवळ नसतंच, फुलाचा वास तेवढा असतो. तो कसा येतो ते पुढे सांगते, कारण तुमच्या बाकीच्या प्रश्नांची उत्तरं तिथंच आहेत. सुनेच्या कपात बघायचंच असेल तर दोन वेगळ्या गोष्टी बघा, ज्यांच्याकडे तुमचं दोघींचंही लक्ष गेलेलं नाही.

एक, कॅफीन. जास्मिन टी म्हणजे शेवटी चहाच, बहुतेक वेळा ग्रीन टी. एका कपात साधारण २० ते ४० मिलिग्रॅम कॅफीन उतरतं. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं २०१५ साली अंगावर पाजणाऱ्या आयांसाठी दिवसाला २०० मिलिग्रॅमपर्यंत चालेल असं म्हटलं आहे. म्हणजे दोन कप जास्मिन टी बसतो त्यात. फक्त घरातला आल्याचा चहा, कॉफी, कोला हेही त्याच २०० मध्ये मोजायचे. तुमची सहीच 'चहाबाज' आहे, तेव्हा तुमच्याकडे दिवसाला किती पातेली चढत असतील याचा मला अंदाज आहे. बाळ चिडचिडं झालं, झोपेना, तर सगळेच चहा चार दिवस बंद करून बघा.

दुसरी गोष्ट लोहाची. कोणताही चहा अन्नातलं लोह नीट शोषू देत नाही, आणि बाळंतिणीला नेमकं तेच हवं असतं. आपण काय करतो? सकाळी अळिवाचा लाडू हातात देतो, कारण अळिवात लोह भरपूर, आणि लगेच वर वाफाळता चहा. लाडवाचं निम्मं पुण्य तिथंच धुऊन जातं. लोहाची गोळी, लाडू, जेवण, यांच्यापासून चहा तासा-दीड तासानं लांब ठेवा. हे जास्मिन टीलाही लागू आणि तुमच्या आल्याच्या चहालाही. वाद घालायचाच असेल तर यावर घाला.

गजऱ्याबद्दल माझं मत विचाराल, तर मीही अजून दोन-तीन महिने बाळंतिणीला मोगऱ्याचा भरगच्च गजरा माळायला लावणार नाही. तान्हं बाळ सारखं खांद्याशी असतं, नाक इवलंसं, वास उग्र. दूध भरपूर येत असेल आणि तिला हौस असेल तर बारशाला किंवा फोटोपुरता माळू दे की. दूध मुळात कमी पडतंय असं वाटत असलं तर मात्र फुलाला बोल लावत बसू नका, डॉक्टरांना दाखवा. आणि एक विनंती : हे पान सुनेपुढे नाचवू नका. यात तुमचे गुण जेवढे आहेत तेवढेच तिचेही आहेत.

आता साबणाकडे. यजमानांचं नाक चुकलेलं नाही. आपल्या पिढीनं मोगरा तीनच ठिकाणी हुंगला, केसांत, देवघरात आणि न्हाणीघरात. साबण, टाल्कम पावडर, उदबत्ती, सगळ्यांनी तोच वास उचललेला. कपातून तो आला की डोकं पहिल्यांदा मोरीकडेच धावतं. त्यात तुम्ही तो आल्याबरोबर खळखळ उकळलात. उकळल्यावर फुलाचा नाजूक वास आधी वाफेबरोबर उडतो आणि मागे राहतो पानाचा कडवटपणा. मग दूध. आसामचा दाणेदार चहा दुधाला टक्कर देतो, त्यासाठीच तो तसा बनवलेला असतो. ग्रीन टीचं पान दुधात बुडून मरतं.

हा चहा करायची रीत अगदी आळशी माणसाची आहे. पाणी उकळू द्यायचं, मग गॅस बंद. या पानाला ८० अंशांच्या आसपासचं पाणी लागतं. थर्मामीटर कोण लावणार, म्हणून माझा हिशेब असा : तीन वाट्या उकळतं पाणी, त्यात एक वाटी माठातलं. बरोबर ८०च्या जरा वर येतं. किटलीत किंवा झाकणाच्या कुठल्याही भांड्यात माणशी एक चमचा पत्ती, वर हे पाणी, झाकण, दोन मिनिटं. घड्याळ लावून दोन. गाळून घ्या. दूध नाही, आलं नाही. साखरेवाचून घशाखाली उतरत नसेल तर खडीसाखरेचा एक खडा दाताखाली धरा, पण आधी एकदा नुसता पिऊन बघा. पत्ती फेकू नका, तिच्यावर आणखी दोनदा पाणी घालता येतं, दुसऱ्या वेळचा कप पुष्कळांना पहिल्यापेक्षा आवडतो. आणि ठाण्याच्या मे महिन्यात गरम काही नकोच वाटलं तर लिटरभर गार पाण्यात तीन चमचे पत्ती घालून रात्री फ्रीजमध्ये ठेवा, सकाळी गाळा. यजमानांना हाच द्या आधी. गार पाण्यात कडूपणा कमी उतरतो, आणि साबण आठवणार नाही याची मी जवळजवळ हमी देते.

आता तो वास चहात शिरतो कसा, ते. ही गोष्ट मला स्वतःला फार आवडते, त्यामुळे जरा लांबण लागेल.

मोगरा मूळचा आपल्याकडचाच, म्हणजे भारत आणि आसपासच्या मुलुखातला. संस्कृतात मल्लिका. व्यापाऱ्यांबरोबर आणि भिक्षूंबरोबर तो चीनला गेला, आणि चिनी भाषेत त्याचं नाव पडलं 'मोली', आपल्या मल्लीवरूनच. माहेरचं नाव टिकवून सासरी नांदणारी अशी फुलं कमी. आपण त्याला केसांत माळलं, चिन्यांनी चहाशेजारी झोपवलं. फुजियान प्रांतातलं फुचौ हे शहर या चहाचं जुनं गाव. सुंग राजवटीपासून, म्हणजे सुमारे हजार वर्षांपासून तिथं चहाला फुलांचा वास देण्याची परंपरा सांगतात. तिथली मोगरा आणि चहाची शेती २०१४ साली संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेनं जागतिक वारसा शेतीच्या यादीत घेतली. आज मात्र चीनमधला बहुतेक मोगरा दक्षिणेकडे ग्वांगशी प्रांतातल्या हंगचौ भागात पिकतो.

तिथं कळ्या पहाटे खुडत नाहीत. भर दुपारी, उन्हात खुडतात. कारण जी कळी आज रात्री उमलणार ती दुपारपर्यंत फुगून दुधासारखी पांढरी झालेली असते. सकाळी ती ओळखू येत नाही. संध्याकाळी कळ्या पसरून ठेवतात. रात्री आठ-नऊच्या सुमाराला त्या उमलू लागल्या की कोरड्या चहात मिसळून ढीग करतात. मोगऱ्याचा वास पाकळीत आधीपासून साठवलेला नसतो. फूल उमलतं तेव्हाच तो तयार होतो आणि त्याच रात्री हवेत सुटतो. चहाचं पान कोरडं, आणि कोरडा चहा म्हणजे वासाचा हावरट. फूल सोडतं, चहा ओढतो. फुलं श्वास घेत असतात, त्यामुळे ढीग तापतो, तो मधूनच मोडून गार करावा लागतो. सकाळी चाळून फुलं बाहेर काढतात, चहा पुन्हा सुकवतात, कारण वासाबरोबर त्यानं फुलांचं पाणीही प्यायलेलं असतं. रात्री पुन्हा ताजी फुलं. चांगल्या चहाला असे पाच-सात फेरे देतात. ज्या डब्यात पांढरी सुकी फुलं भरपूर दिसतात तो भारी, अशी आपली समजूत असते. ती फुलं दिसण्यापुरती. आपलं काम करून ती केव्हाच रिकामी झालेली असतात. स्वस्तातल्या डब्यांत तर ही रात्रीची जागरणंही नसतात, वरून सुगंधी अर्क फवारलेला असतो. पाकिटावर 'फ्लेवर' असा शब्द आहे का, एवढं वाचा.

म्हणून वहिनींना सांगा, फुलं वाळवायची नाहीत. मी वाळवली आहेत. आमच्या गॅलरीत परातीत पंचा घालून चार दिवस उन्हात ठेवली होती, कावळ्यांपासून राखण करत. पाचव्या दिवशी हाती आली ती चिंचेच्या टरफलासारखी तपकिरी कूच, आणि वास गवताच्या पेंढीचा. तरी हट्टानं उकळून प्यायले. कडू काढा. बकुळीचं तसं नाही. बकुळ वाळली तरी वर्षभर पुस्तकात, कपाटात घमघमते. मोगऱ्याला ती सवय नाही, तो एका रात्रीचा.

त्याची ही रात्रच वापरायची. घरी थोड्या प्रमाणात नक्की जमतं, आणि तुमच्याकडे स्वतःचं झाड आहे म्हणूनच मी हो म्हणते.

२५ ग्रॅम साधी, सुट्या पानांची ग्रीन टी आणा. डिप-डिपच्या पुड्या नकोत, लिंबू-मधवाली तर नकोच. संध्याकाळी चार-पाच वाजता गॅलरीतल्या टपोऱ्या, दुधाळ, टोकाशी जरा सैलावलेल्या कळ्या खुडा, दोन मुठी पुरतील. हिरवट कळी घेऊ नका, ती उमलत नाही आणि कच्चा वास सोडते. ताटात एकेरी पसरा, वर पातळ सुती फडकं. फ्रीजमध्ये ठेवू नका, धुऊ नका. धूळ असेल तर आदल्या संध्याकाळी झाडच पाण्यानं झोडून घ्या. साडेआठ-नऊला, म्हणजे मालिकांच्या वेळेला, कळ्या अर्धवट उघडायला लागतील. मागचा हिरवा देठ मोडा. ज्या डब्यात कधी मसाला, लोणचं, फरसाण ठेवलेलं नाही असा स्टीलचा डबा घ्या. असा डबा मराठी घरात सापडणं हीच यातली खरी अडचण आहे. चहाचा थर, फुलांचा थर, पुन्हा चहा. झाकण नुसतं टेकवा, दाबू नका.

सकाळी उठल्या उठल्या फुलं वेचून काढा. राहू दे दुपारपर्यंत असं म्हणू नका. मोगऱ्याच्या वासात इंडोल नावाचा एक घटक असतो, तो चिमूटभर असतो म्हणून मोगरा मादक लागतो. जास्त झाला की त्याच वासाला घाण म्हणतात. शिळ्या गजऱ्याला दुसऱ्या दिवशी जो कुबट वास येतो, तो चहात उतरला की गेलं सगळं. चहा हाताला मऊ, दमट लागेल. जाड तवा तापवून गॅस बंद करा, त्यावर स्टीलची ताटली ठेवून तिच्यात चहा पसरा, हाताला सोसवेल इतपतच ऊब हवी. पान बोटांत कुरकुरीत मोडलं की झालं. गार करा, रात्री पुन्हा ताज्या कळ्या. असं तीन रात्री. मग काचेच्या बरणीत बंद करून दोन दिवस विसरून जा. तिसऱ्या दिवशी करा पहिला कप. डब्यातल्या चिनी चहाइतका भरदार होणार नाही, पण गॅलरीतलाच वास असेल तो, आणि महिनाभरात संपवून टाका. सगळं करायचं ते पाऊस सुरू व्हायच्या आत. जुलैच्या दमट हवेत हा चहा सुकत नाही आणि बुरशी धरतो. बुरशीचा चहा बाळंतिणीलाच काय, कुणालाच नको.

बाजारची फुलं यासाठी घेऊ नका. तसं बघितलं तर आपल्याला मिळणाऱ्या फुलांतली पुष्कळ जव्हार, विक्रमगड, मोखाड्याकडच्या आदिवासी शेतकऱ्यांची, म्हणजे २०१४ साली पालघर वेगळा होईपर्यंत आपल्याच ठाणे जिल्ह्यातली. तिकडून दादरच्या फुलबाजारात आणि तिथून जांभळी नाक्यावर, स्टेशनाबाहेरच्या टोपल्यांत. माळायला त्यांच्यासारखी फुलं नाहीत. पण ती खाण्यासाठी पिकवलेली नसतात. मोगऱ्याला कळी पोखरणारी अळी लागते, तिच्यावर औषधं मारावी लागतात, आणि टवटवी टिकावी म्हणून वाटेत दहा ठिकाणचं पाणी शिंपडलं जातं. मी एकदा आळस करून गजरा उसवून डब्यात घातला होता. चहाला ओल्या दोऱ्याचा वास आला.

वहिनींनाच आणखी एक निरोप द्या, कारण अशा उत्साही वहिनी प्रत्येक सोसायटीत असतात. 'जास्मिन' अशी पाटी लावलेलं प्रत्येक झाड मोगरा-जाईच्या घराण्यातलं नसतं. नर्सरीत रातराणीला 'नाइट जास्मिन' म्हणून विकतात, ती पोटात जाता कामा नये, विषारी आहे. तगरीलाही एक जास्मिनवालं इंग्रजी नाव आहे. तिचा देठ मोडला की पांढरा चीक येतो, मोगऱ्याला कधीच येत नाही, ही सोपी खूण. आणि पिवळ्या फुलांची 'कॅरोलिना जास्मिन' नावाची वेल तर चांगलीच विषारी. रस्त्याकडेला उंच वाढणाऱ्या बुचालाही लोक आकाशमोगरा म्हणतात. खाली पडलेली ती लांब दांड्याची फुलं मुलांनी वेण्या गुंफायला घ्यावीत, किटलीत नव्हे.

उरलेल्या फुलांचं विचारलंत. तोच नियम चालवा, फूल रात्रभर उसनं द्यायचं आणि सकाळी परत घ्यायचं. आपल्याकडे माठात वाळ्याच्या जुडीबरोबर पाच-सहा मोगरे सोडायची पद्धत होतीच. रात्री सोडा, सकाळी काढा, ही फुलं मात्र धुऊन घ्या. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला कैरीची डाळ आणि पन्हं, आणि पाणी हे असं, यापलीकडे कुठलं सरबत मला लागत नाही. खडीसाखरेच्या डब्यात एक रात्र फुलं ठेवून बघा. साखर जरा ओलसर होते, तेव्हा लगेच वापरायची, श्रीखंडात किंवा लिंबाच्या सरबतात. वेलचीला त्या दिवशी सुट्टी. उत्तरेत चमेलीचं तेल याच तंत्रानं करत आले आहेत : तिळाचा थर, फुलांचा थर, रोज फुलं बदलायची आणि शेवटी वास प्यायलेले तीळ घाण्यावर काढायचे. तेलात फूल तळलेलं नसतं. घरी खोबरेल तापवून त्यात मोगरा टाकणाऱ्यांना हे कळलं तर त्यांचं बरंच तेल वाचेल.

औषध म्हणून मोगऱ्याच्या फार मागे लागू नका. औषधाचं काम त्याच्या बहिणीचं, जाईचं. तोंड आलं की जाईचा पाला चावून थुंकायचा, हे तुम्हाला माहीत असेलच. आयुर्वेदातलं जखमेवरचं जात्यादि तेल तेही जाईच्याच पानांचं, जाती म्हणजे जाई.

आणि रंगाऱ्यांवरचा राग सोडा. मोगऱ्याला फूल येतं ते नव्या फुटव्यावर. थंडीत झाड निम्मं छाटावं, पानं ओरबाडावीत, काही दिवस पाणी तोडावं आणि मग खत-पाणी द्यावं, म्हणजे उन्हाळ्यात झाड फुलांनी लदलदतं. माळी याचे पैसे घेतात, तुमचं काम रंगाच्या बिलात झालं. येत्या डिसेंबरात कात्री तुम्हीच चालवा. शेणखत घाला, पण युरिया नको, नुसती पानं माजतील. पूर्वेच्या गॅलरीत सकाळचं चार-पाच तास ऊन मिळत असेल तर जागा हलवू नका. छाटलेल्या काड्या कुंडीत कोपऱ्याला खोचून ठेवा, पावसाळ्यात लावलेल्या तर जास्त चांगल्या धरतात, एखादी वहिनींना द्या.

राहिला तो डबा. ताई, ज्या पानानं रात्रभर मोगरा ओढून घेतला ते पान तितक्याच हौसेनं हिंगही ओढतं, त्याला आवडनिवड नसते. झाकण कितीही घट्ट वाटलं तरी आजच तो त्या फळीवरून उठवा. घट्ट झाकणाच्या स्वच्छ डब्यात, देवघराच्या कपाटात ठेवलात तरी चालेल, फक्त उदबत्तीच्या पुड्यापासून लांब. आधी झाकण उघडून वास घ्या. मोगराच आला तर सुनेला दुपारी एक कप करून द्या, जेवणानंतर तासाभरानं. हिंग आला तर मात्र मला कळवू नका, मुलाला तर अजिबातच नको.